वाऱ्याने कापलेले साडेसहा तास

२४ नोव्हेंबर १९४४ च्या पहाटे पॅसिफिकमधल्या सायपान बेटावरून एकामागून एक अमेरिकेची १११ बी-२९ विमाने उडाली. लक्ष्य होते टोकियो. त्यातही शहराच्या पश्चिमेला मुसाशिनो इथला नाकाजिमा कंपनीचा विमान-इंजिनांचा कारखाना. पुढच्या विमानात ब्रिगेडियर जनरल एमेट ओडॉनेल होते आणि त्यांच्यासोबत मेजर रॉबर्ट मॉर्गन. सुमारे २,४०० किलोमीटरचा प्रवास, सगळा समुद्रावरून. बी-२९ हे त्या काळातले सर्वांत प्रगत बॉम्बफेकी विमान. केबिन हवाबंद असल्यामुळे ते नऊ-दहा किलोमीटर उंचीवर तासन्‌तास उडू शके. तिथून, तोफांच्या टप्प्याच्या बाहेर राहून, अचूक मारा करायचा अशी योजना होती.

विमाने पश्चिमेकडून टोकियोवर वळली आणि वैमानिकांना आपल्याच आकड्यांवर विश्वास बसेना. बी-२९ चा कमाल वेग ताशी ५७५ किलोमीटरच्या आसपास. खालची जमीन मात्र ताशी सातशेहून अधिक किलोमीटर वेगाने मागे पळत होती. बॉम्बफेकीच्या दुर्बिणीत एवढ्या वेगाची दुरुस्ती बसवायची सोयच नव्हती. कारखाना दिसेपर्यंत तो मागे पडलेला असे. १११ विमानांपैकी मुख्य लक्ष्यावर बॉम्ब टाकता आले फक्त २४ विमानांना, आणि त्यांतलेही थोडेच बॉम्ब कारखान्यावर पडले. वैमानिकांचे चुकले नव्हते. ज्या हवेतून ती जात होती ती हवाच पूर्वेकडे धावत होती, ताशी दोनशेहून जास्त किलोमीटर वेगाने.

त्या दिवशी वैमानिकांना जे अनाकलनीय वाटले ते जवळपास वीस वर्षांपूर्वीच मोजून, तक्ते करून, छापून ठेवलेले होते. छापले होते त्याच टोकियोपासून पन्नास-साठ किलोमीटरवर. आज दोन दूरच्या शहरांमधले विमानाचे अंतर विचारले की उत्तर एकच येते, वेळ विचारली की दोन उत्तरे येतात, जाण्याची वेगळी आणि येण्याची वेगळी. वेळेच्या या दोन उत्तरांचा इतिहास तातेनो नावाच्या गावातून सुरू होतो.

वासाबुरो ओइशी यांचा जन्म १८७४ चा. भौतिकशास्त्र शिकून ते जपानच्या हवामान खात्यात आले. वरच्या हवेचा अभ्यास कसा करतात हे पाहायला ते जर्मनीत लिंडेनबर्गच्या वेधशाळेत जाऊन आले होते. पतंग आणि फुगे आकाशात सोडून हवेचे थर तपासण्यात ती वेधशाळा तेव्हा जगात पुढे होती. १९२० साली त्सुकुबा डोंगराच्या परिसरात तातेनो इथे जपानने तशीच वेधशाळा उभी केली आणि ओइशी तिचे पहिले संचालक झाले.

तिथले काम दिसायला अगदी साधे. हायड्रोजन भरलेला रबराचा फुगा सोडायचा. तो मिनिटाला किती मीटर वर चढतो हे फुग्याच्या वजनावरून आणि आत भरलेल्या वायूवरून आधी काढलेले असते. मग थिओडोलाइट या कोन मोजण्याच्या यंत्राच्या दुर्बिणीत तो धरून ठेवायचा आणि ठरावीक वेळाने दोन कोन टिपायचे: क्षितिजापासून किती वर, आणि उत्तरेपासून किती बाजूला. उंची माहीत आणि कोन माहीत म्हटल्यावर फुगा आडवा किती सरकला हे त्रिकोणमितीने निघते, आणि त्यातून त्या-त्या थरातला वारा. डोळा दुर्बिणीवरून हलवायचा नाही, कारण फुगा एकदा निसटला की पुन्हा सापडत नाही. मोहरीएवढा ठिपका होईपर्यंत त्याचा पाठलाग करायचा आणि ढग आला की थांबायचे.

इथे निसर्गाने ओइशींना एक मोठी सवलत दिली होती. हिवाळ्यात सायबेरियाकडून येणारे वारे जपानच्या पश्चिम किनाऱ्यावर अपार बर्फ ओततात आणि डोंगर ओलांडून पूर्वेकडच्या कांतो मैदानात कोरडे होऊन उतरतात. तातेनो याच मैदानात आहे. त्यामुळे तिथले हिवाळी आकाश लख्ख निळे असते, फुगा खूप उंचीपर्यंत दिसत राहतो. वरचा वारा सर्वांत जोरदार नेमका हिवाळ्यात. दुसऱ्या एखाद्या देशात तो ढगांच्या पलीकडे लपून राहिला असता.

२ डिसेंबर १९२४ या दिवशीच्या नोंदीत साधारण नऊ किलोमीटर उंचीवर पश्चिमेचा वारा निघाला सेकंदाला ७२ मीटर. म्हणजे ताशी जवळपास २६० किलोमीटर. जमिनीवर या वेगाचा वारा आला तर गावे उखडली जातात. अशा आकड्यासमोर कोणाही निरीक्षकाच्या मनात पहिली शंका स्वतःच्या मोजणीचीच येणार. फुगा गळत असेल, कमी वेगाने चढत असेल, तर गणित चुकते आणि वारा आहे त्यापेक्षा जास्त दिसतो. ओइशींनी एका आकड्यावर काहीच मांडले नाही. १९२३ ते १९२५ या काळातल्या बाराशेहून अधिक निरीक्षणांचे त्यांनी ऋतूंनुसार गट पाडले आणि सरासरी काढली. हिवाळ्याच्या सरासरीतही नऊ-दहा किलोमीटरवर तोच प्रचंड पश्चिमी वारा उभा राहिला. म्हणजे हे एखाद्या दिवसाचे वादळ नव्हते. जपानच्या डोक्यावर हिवाळाभर वाहणारा तो एक कायमचा प्रवाह होता.

मला या कामात सर्वांत मोलाची वाटते ती ही चिकाटी. वारा जितका जोरदार, तितका फुगा लवकर समुद्राकडे पळतो, दुर्बीण क्षितिजाकडे कलते आणि नोंद अर्धवट राहते. म्हणजे पद्धतच अशी की सर्वांत मोठे आकडे तिच्या हातातून निसटावेत. तरीही त्यांनी तो वारा पकडला.

आता हे जगाला सांगायचे कसे? जपानीत लिहिले तर युरोप-अमेरिकेत कोण वाचणार? ओइशींनी निवडली एस्पेरांतो, म्हणजे वॉर्साच्या डॉक्टर झामेनहोफ यांनी १८८७ मध्ये जगापुढे ठेवलेली भाषा. ती कोणत्याच देशाची नव्हती, आणि म्हणून सगळ्यांची व्हावी अशी तिच्यामागची आशा होती. पहिल्या महायुद्धानंतरच्या त्या वर्षांत ही आशा भाबडी वाटत नव्हती. जपानमध्ये तिची मोठी चळवळ होती आणि ओइशी तिच्यातले पुढारी होते. पुढे ते जपानच्या एस्पेरांतो संस्थेचे अध्यक्षही झाले. १९२६ साली तातेनो वेधशाळेचा पहिला अहवाल या भाषेत निघाला, त्यात हे वाऱ्यांचे तक्ते होते. त्यानंतरचे अहवालही ते याच भाषेत काढत राहिले.

ते फारसे कोणी वाचले नाहीत. ओइशींनी हट्ट केला नसता आणि इंग्रजीत किंवा जर्मनमध्ये लिहिले असते तर, असे म्हणणे सोपे आहे. पण १९२६ मध्ये नऊ किलोमीटरवरच्या वाऱ्याची गरज होती कोणाला? त्या वर्षीची प्रवासी विमाने डोंगर चुकवत खालून जात. चार्ल्स लिंडबर्ग अजून अटलांटिक ओलांडायचे होते. एखाद्या संशोधनाची वेळ येण्याआधी ते हाती आले की त्याचे असे होते, भाषा कोणतीही असो.

अधूनमधून त्या वाऱ्याची झुळूक इतरांनाही लागत होती. वायली पोस्ट हा अमेरिकेचा एका डोळ्याचा वैमानिक. त्याने स्वतःसाठी हवाबंद पोशाख करून घेतला होता. मार्च १९३५ मध्ये तो लॉस एंजेलिसजवळच्या बरबँकहून क्लीव्हलंडला ७ तास १९ मिनिटांत पोचला. सव्वातीन हजार किलोमीटरहून जास्त अंतर, सरासरी ताशी साडेचारशे किलोमीटर, त्याच्या लाकडी विमानाच्या नेहमीच्या वेगापेक्षा कितीतरी जास्त. वर काहीतरी आहे हे त्याने ओळखले होते. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अलास्कातल्या अपघातात तो गेला. जर्मनीत हाइनरिख झाइलकॉफ यांनी १९३९ मध्ये अशा अरुंद, वेगवान प्रवाहाला जर्मन नाव दिले. आणि मग युद्ध सुरू झाले, हवामानाच्या नोंदी लष्करी गुपिते झाल्या.

सायपानवर रीड ब्रायसन हे २४ वर्षांचे हवामान अधिकारी होते. त्यांनी पुढे सांगितलेली आठवण अशी: त्यांनी आणि विल्यम प्लमली यांनी जपानवरच्या उंच हवेचा अंदाज काढला तेव्हा उत्तर आले १६८ नॉट, म्हणजे ताशी तीनशेहून अधिक किलोमीटर. दोघांनी गणित पुन्हा तपासले. आकडा हलेना, म्हणून तोच दिला. वरिष्ठांना तो अशक्य वाटला. दुसऱ्या दिवशी विमानांकडून खबर आली: १७० नॉट.

उंचावरचा वारा न पाहता या दोघांनी तो सांगितला कसा? गरम हवा फुगते, थंड हवा आकसते. त्यामुळे उबदार प्रदेशावरचा हवेचा थर जाड असतो आणि थंड प्रदेशावरचा बारीक. नऊ-दहा किलोमीटरवर पोचावे तर दक्षिणेकडे दाब जास्त, उत्तरेकडे कमी, आणि हवा उत्तरेकडे घसरू पाहते. पृथ्वीच्या फिरण्यामुळे ती उत्तर गोलार्धात उजवीकडे वळते आणि पूर्वेकडे वाहू लागते. उत्तर-दक्षिण तापमानात जितकी तफावत, तितका वरचा वारा जोरदार. हिवाळ्यात जपानच्या एका बाजूला गोठलेला सायबेरिया असतो आणि दुसऱ्या बाजूला कुरोशिओ हा उबदार समुद्रप्रवाह. इतक्या जवळजवळ इतकी मोठी तफावत जगात फार थोड्या ठिकाणी सापडते.

सायपानहून विमाने उडत होती त्याच महिन्यात जपानी लष्कर हाच वारा अमेरिकेविरुद्ध वापरत होते. हवामानतज्ज्ञ हिदेतोशी अराकावा यांना विचारण्यात आले की जपानमधून सोडलेला फुगा पॅसिफिक ओलांडेल का. तातेनोच्या नोंदी हाताशी होत्या. पलीकडच्या महासागरावर मात्र निरीक्षणे नव्हती, तिथले वारे त्यांनी गणिताने काढले. तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीपासून केलेला हातकागद, तो चिकटवायला कोन्याकू या कंदाची खळ, आणि काम करायला शाळकरी मुली. असे दहा मीटर व्यासाचे नऊ हजारांहून अधिक फुगे नोव्हेंबर १९४४ ते एप्रिल १९४५ या काळात बॉम्ब लावून सोडले गेले. रात्री थंडीने वायू आकसून फुगा खाली आला की दाबमापकाने चालणारे यंत्र वाळूची पिशवी सोडून देई आणि फुगा पुन्हा वाऱ्याच्या थरात चढे. तीनेक दिवसांत अमेरिकेचा किनारा.

अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यातल्या शास्त्रज्ञांनी सापडलेल्या पिशव्यांमधली वाळू सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. तिच्यातले सूक्ष्म सागरी जीवांचे सांगाडे आणि खनिजे जुळवत त्यांनी जपानच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मोजक्या जागांपर्यंत माग काढला, हीसुद्धा एक स्वतंत्र शोधकथाच आहे. फुग्यांचा लष्करी उपयोग जवळपास शून्य ठरला. पण ५ मे १९४५ ला ऑरेगॉनमधल्या ब्लाय गावाजवळच्या जंगलात सहलीला गेलेल्या एका गर्भवती स्त्रीचा आणि पाच मुलांचा त्यांतल्या एका बॉम्बने बळी घेतला.

इकडे अचूक बॉम्बफेक जमत नाही म्हटल्यावर अमेरिकी सेनापती बदलला. कर्टिस लमे यांनी विमाने दोन-तीन किलोमीटरपर्यंत खाली आणली, रात्रीची वेळ निवडली आणि आगीचे बॉम्ब निवडले. ९-१० मार्च १९४५ च्या रात्री टोकियोत सुमारे एक लाख माणसे जळून मेली. या निर्णयामागे कारणे अनेक होती. उंचावरचा वारा त्यांतले एक. ज्या माणसाने देशांच्या सीमा नको म्हणून एस्पेरांतोत लिहिले, त्याने मोजलेल्या वाऱ्याचे पहिले दोन उपयोग हे झाले. हे लिहिताना हात जड होतो.

युद्ध संपले. शिकागो विद्यापीठात कार्ल-गुस्ताफ रॉस्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४७ मध्ये समशीतोष्ण पट्ट्यातल्या हवेच्या अभिसरणावर मूलभूत लेख प्रसिद्ध केला. विखुरलेल्या नोंदींमधून पृथ्वीला वेढणाऱ्या एका नागमोडी प्रवाहाचे चित्र त्यात उभे राहिले. जेट स्ट्रीम हे इंग्रजी नाव याच सुमाराला रूढ झाले.

मग नागरी विमान कंपन्यांची पाळी आली. टोकियो ते होनोलुलू हे सरळ अंतर सुमारे ६,२०० किलोमीटर. तेव्हाच्या विमानांना एका दमात हे झेपत नसे, म्हणून वाटेत वेक या एवढ्याशा बेटावर उतरून इंधन भरावे लागे. त्या वळशाने मार्ग सहा-सातशे किलोमीटरने वाढे आणि प्रवासाला एकूण अठरा तास लागत. १८ नोव्हेंबर १९५२ रोजी पॅन ॲमचे बोइंग स्ट्रॅटोक्रूझर टोकियोहून निघाले, सुमारे ७,६०० मीटर उंचीवर चढले, वाऱ्यावर स्वार झाले आणि वेकला न थांबता थेट होनोलुलूला उतरले. वेळ लागली साडेअकरा तास. साडेसहा तासांची बचत, तीही त्याच पंख्यांच्या विमानात आणि कमी इंधनात. त्यानंतर सर्वच कंपन्यांचे नियोजक वाऱ्याचे नकाशे मांडून बसू लागले. ओइशी हे पाहायला नव्हते. ते १९५० मध्ये वारले होते.

अनेकांची समजूत असते की पूर्वेकडे जाताना वेळ वेगळी लागते ती पृथ्वी फिरते म्हणून. पण विमान, धावपट्टी आणि हवा तिन्ही पृथ्वीबरोबरच फिरत असतात. धावत्या रेल्वेच्या डब्यात आपण इंजिनाकडे चालत गेलो काय किंवा गार्डाकडे, पावले तेवढीच पडतात. फरक पडतो तो हवा स्वतः जमिनीच्या तुलनेत सरकत असेल तरच.

आणि या फरकाचे गणित वाटते त्यापेक्षा कठोर आहे. समजा विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर. स्तब्ध हवेत ६,२०० किलोमीटरला ६ तास ५३ मिनिटे लागतील. ताशी २०० किलोमीटरचा वारा पाठीशी असेल तर ५ तास ३८ मिनिटे. तोच वारा समोरून असेल तर ८ तास ५१ मिनिटे. जाताना सव्वा तास मिळाला, येताना जवळपास दोन तास गेले. समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून राहते, म्हणून तोटा नेहमीच फायद्यापेक्षा मोठा. म्हणूनच परतीच्या विमानांचा मार्ग तो प्रवाह चुकवून आखावा लागतो, भले अंतर थोडे वाढले तरी. पॅसिफिकवरच्या अशा मार्गांची आखणी आजही वाऱ्याच्या अंदाजानुसार रोज नव्याने होते. फेब्रुवारी २०२० मध्ये किआरा वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचे एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचले. एरवी या प्रवासाला सहा-साडेसहा तास लागतात. ध्वनीपेक्षा वेगाने न उडणाऱ्या प्रवासी विमानाने हे अंतर इतक्या कमी वेळात तोपर्यंत कधी कापले नव्हते.

या वाऱ्याशी आपलेही नाते आहे, आणि ते मुंबई-लंडनच्या वेळापत्रकापुरते नाही. हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारा हा प्रवाह तिबेटच्या पठारापाशी विभागतो. त्याची दक्षिणेची शाखा हिमालयाच्या पायथ्यालगत, उत्तर भारताच्या आकाशातून जाते आणि पठार ओलांडल्यावर पूर्व आशियात दुसऱ्या शाखेला मिळते. जपानवर तो इतका बळकट होतो त्याचे हेही एक कारण. म्हणजे ओइशींच्या फुग्याला समुद्राकडे ओढून नेणाऱ्या वाऱ्यातला काही भाग एक-दोन दिवसांपूर्वी दिल्लीवरून गेलेला असू शकतो. मे अखेर ते जून या काळात ही दक्षिण शाखा उठून हिमालयाच्या उत्तरेला जाते, आणि तिच्या जाण्याशी आपल्या मोसमी पावसाचे आगमन जोडलेले आहे.

ती गेली की भारतीय द्वीपकल्पावर पंधरा किलोमीटरच्या आसपास उलटा वारा सुरू होतो, पूर्वेकडून पश्चिमेकडे. उन्हाळ्यात तिबेटचे पठार तापते, उत्तर गरम आणि दक्षिण त्या मानाने गार, म्हणून तेच सूत्र उलट्या दिशेने चालते. वेगाने वाहणाऱ्या या पूर्वेच्या जेटचे स्वरूप भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५८ साली टेलस या नियतकालिकात मांडले. प्रवासी विमाने त्याच्या गाभ्याखालून उडतात, त्यामुळे तिकिटावरच्या वेळेत तो फारसा दिसत नाही. पण मोसमी पावसाचा अभ्यास त्याला वगळून होत नाही. कोटेश्वरम पुढे भारतीय हवामान खात्याचे महासंचालक झाले, आणि त्यांचा तो लेख इंग्रजीत होता.